आठ पाऊण सहा

राजपुत्राला वाळू ओलांडायची होती,
म्हणून एक वाटाड्या लागला.
अर्ध्या पानापुरता.
मोरकॅमला, डिसेंबरात, दुपारी साडेतीनला दिवा लावून
मी लिहीत होते. सुकतीचं पाणी मैलभर मागे गेलेलं
आणि समोरच्या बंद दुकानाच्या पाटीवर
'हॉर्गट आणि मुलगे'.
मुलगे केव्हाच गेले असणार.
मी हॉर्गट उचलला.

राजपुत्राकडे सगळं आधीच होतं:
भाकीत, तलवार, खांद्यावरची खूण,
तिसऱ्या भागातलं लग्नसुद्धा.
एक वाक्य इकडचं तिकडे बोलायची त्याला सोय नव्हती.
हॉर्गटसाठी काहीच ठरवलेलं नव्हतं,
म्हणून घरात जे पडून होतं ते दिलं.
आमच्या भाऊंची बशीवर फुंकर मारायची सवय,
डाव्या गुडघ्याची कुरकुर,
आणि तिथीवरून भरती काढायची पाऊणकी.
एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन...
भाऊ केळशीच्या पुळणीवर उभे राहून म्हणायचे
आणि पाणी हाक ऐकल्यासारखं यायचं.

इंग्रजीत पाऊणकी नाही.
तिथे हॉर्गट चंद्राच्या रात्री बोटांवर मोजतो,
दर चौथं बोट मिटतो.

अर्धं पान संपलं, तरी तो जाईना.
राजपुत्र पलीकडे पोचून राजकारणाला लागलेला,
हा ओल्या विजारीनं तसाच उभा.
म्हातारा माणूस, थंडी.
त्याला सूप द्यायला एक पान गेलं.
सूप करायला बहीण आली.
बहिणीशी अकरा वर्षं बोलणं नाही,
हे मला तेव्हाच कळलं,
त्यानं वाडगा खाली ठेवला त्यावरून.

दुसऱ्या भागाच्या शेवटी संपादक ऑब्री म्हणाला,
कुणीतरी मरायला हवं. वाचकाला लागेल असं कुणी.
राजपुत्राचं लग्न ठरलेलं.
मी हॉर्गटला बुडवलं.
चांगलं बुडवलं, दीड पान, भर दुपारी बाराला.
थोडी रडले. मग भांडी घासली.

पत्र आलं उल्व्हरस्टनहून,
डॉरीन पॉसलथ्वेट, वय एकाहत्तर,
गोदीच्या कँटीनमध्ये जन्म गेलेला.
रेघांच्या कागदावर:
"बाई, पान तीनशे बारावर तुम्ही अर्धा चंद्र लिहिलाय.
म्हणजे आठवी रात्र.
मी बोटं मिटून पाहिली. सहा उरली.
भरती सहाला. बाराला तिथं वासरूसुद्धा बुडायचं नाही.
त्याला हे माहीत होतं.
तुम्हालाच नव्हतं."

मी वहीत मांडून पाहिलं.
आठ पाऊण सहा.
त्यातून अष्टमी, भांगाची भरती, तीही ओसरलेली.
भाऊ असते तर त्यांनी वहीच मिटली असती.

तिसऱ्या भागात तो विजार पिळत चालत आला.
खुलासा केला नाही.
"दुसरीकडे गेलो होतो," एवढंच.

परवा वाचनालयात मुलांना सोंगं घेऊन बोलावलं होतं.
सतरा हॉर्गट आले.
मोठ्या भावांचे गमबूट, हेझलच्या काठ्या,
एकीनं तर गुडघाही आणला होता, नेमका डावा.
राजपुत्र एकच.
पुठ्ठ्याची तलवार मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला,
मुकुट सारखा कपाळावर घसरत होता.
त्याच्याशेजारी जाऊन बसले.
बिचाऱ्याच्या खिशात मी काहीच ठेवलं नव्हतं.
पर्समध्ये शेंगदाण्याची वडी होती, ती दिली.

आता चौथा भाग. राज्याभिषेक.
पहिल्या रांगेत हॉर्गटची खुर्ची रिकामी.
ऑब्रीनं समासात विचारलंय: हा कुठाय?

चतुर्दशी आहे, ऑब्री. उधाण आहे.
पाणी साडेदहाला.
पलीकडून कुणीतरी यायचं असेल.